पत्ते कोणी वाटायचे?

"सर, एकाच घरात दोन राउटर पत्ते वाटायला लागले, तर बंद कुठला करायचा?"

"तुला काय वाटतं?"

"चुकीचा असेल तो."

"मग चुकीचा कुठला?"

"दादाचा," पराग म्हणाला.

दाऊद परकार सर सायकलच्या चेनला तेल घालत होते. त्यांनी पेडल हाताने फिरवलं, चेन एक पूर्ण फेरी जाऊ दिली आणि बोट फडक्याला पुसलं.

"बस," ते म्हणाले.

पराग रेडीज रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनात त्यांच्या हाताखाली शिकला होता. आता तो पुण्यात एका मोठ्या कंपनीचं नेटवर्क सांभाळत होता. हजारो कॉम्प्युटर. तिथे त्याचा शब्द शेवटचा असे.

सर निवृत्त होऊन दाभोळला येऊन राहिले होते. जुने विद्यार्थी कधीमधी खाडी ओलांडून त्यांच्याकडे येत. कुणी बिघडलेलं यंत्र घेऊन येई, तर कुणी बिघडलेली नोकरी घेऊन. सर दोन्हींना चहा देत आणि बराच वेळ काहीच बोलत नसत.

परागने गुहागरच्या घराची हकीकत सांगितली.

वडील गेल्यापासून खाली आई आणि वर थोरला भाऊ उदय, त्याची बायको शर्मिला. परागने पुण्याहून येताना आईसाठी एक भारी राउटर आणला होता. त्याच्या सगळ्या सेटिंग्ज स्वतः बसून केल्या होत्या. पुढे वरच्या मजल्यावर रेंज पोचेना, म्हणून उदयने नव्या कनेक्शनवाल्यांकडून दुसरा राउटर बसवून घेतला. त्या माणसांनी बाहेरून आलेली वायर वरच्या राउटरला जोडली आणि तिथून एक वायर खाली सोडून परागच्या राउटरला लावली. दिवे लागले. माणसं निघून गेली.

घरातल्या प्रत्येक यंत्राला, मग तो फोन असो, लॅपटॉप असो की प्रिंटर, एक आकड्यांचा पत्ता लागतो. तो वाटायचं काम राउटरचं. रेडीजांच्या घरात आता वाटणारे दोन झाले होते, आणि दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच होता.

"मी दादाला म्हटलं, तुझ्या राउटरचं वाटणं बंद कर. तो नाही म्हणाला. मग मी पुण्यात बसूनच आईच्या टॅबला कायमचा पत्ता देऊन टाकला. प्रिंटरलाही दिला."

"मग?"

"वरचा राउटर तोच पत्ता दादाच्या लॅपटॉपला देतो. त्याने लॅपटॉप उघडला की आईचं बंद पडतं. त्याचा प्रिंटरही सापडेनासा झाला. त्याने चिडून माझ्या सेटिंग्ज बदलल्या. मी परत केल्या. त्याने पुन्हा बदलल्या..."

"राउटर तपासलेस?"

"दोन्ही. एकेकटा लावला तर कुठलाही उत्तम चालतो."

"म्हणजे दोन्ही बरोबर आहेत."

"हो."

"म्हणून चालत नाही," सर म्हणाले आणि तेलाच्या डबीला झाकण लावलं.

पराग म्हणाला की, कारण त्याला माहीत आहे. उपायही माहीत आहे. कुणीतरी एकाने वाटणं थांबवायला हवं, एवढंच आहे.

"एवढं सगळं कळतंय, तर माझ्याकडे कशाला आलास?"

"दादा माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही बाबांचे मित्र."

"म्हणजे तुला मास्तर नकोय. न्यायाधीश हवाय."

परागने मान खाली घातली. पण नाही म्हणाला नाही.

सरांनी सायकल भिंतीला टेकवली, आत जाऊन डोक्यावर टोपी घातली आणि जेटीच्या वाटेला लागले.

फेरीबोटीवर वारा होता. गाड्यांच्या पुढे, साखळीला टेकून दोघे उभे राहिले. पराग बोलत होता. उदयचा राउटर किती साधा आहे, आपल्या राउटरमध्ये काय काय सोयी आहेत, तो कसा जगात कुठूनही चालवता येतो. तो बोलत असताना दाभोळचा किनारा मागे गेला आणि समोर धोपाव्याचा धक्का मोठा व्हायला लागला.

सर पाण्याकडे बघत होते.

"तुझे बाबा पत्ते फार छान खेळायचे," ते म्हणाले.

"हो. रविवारी डाव बसायचा ना तुमचा."

"एकदा दोघांनी एकाच वेळी पत्ते वाटायला घेतले. वाद झाला. दोघेही नीट वाटत होते."

"मग?"

"संध्याकाळ गेली. डाव झालाच नाही."

बोट धक्क्याला लागली.

गुहागरला घरी पोचल्यावर सरांनी राउटरकडे पाहिलंही नाही. ते सरळ कुमुदवहिनींपाशी, म्हणजे परागच्या आईपाशी गेले आणि खुर्ची ओढून बसले.

हिवाळ्यात कुमुदवहिनींना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात अजून मांडीवरच असे. समजत सगळं होतं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडकत. कोल्हापूरच्या सुखदा मॅडम रोज सकाळी टॅबवरून त्यांच्याकडून बोलण्याचा सराव करून घेत. सुरुवातीला चार-दोन शब्द परत आलेही होते. 'चहा' आला होता. 'नको' फार स्वच्छ आला होता.

गेले काही दिवस त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"कशा आहात वहिनी?"

त्यांनी सरांकडे पाहिलं, ओळखीचं हसल्या आणि नजर खिडकीकडे वळवली.

सरांनी शर्मिलाला विचारलं, नेमकं काय होतं ते सांग. रोज आईंजवळ तीच बसत असे. तिने सांगितलं. मॅडम एखादं चित्र दाखवतात. आईंना वेळ लागतो. मॅडम थांबतात. आई जोर लावून तोंड उघडतात, पहिलं अक्षर येतं न येतं... आणि मॅडमचा चेहरा तसाच थिजतो. आवाज जातो. मग सगळंच जातं.

"पुन्हा जोडलं की आईंना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तसं रोजच होत होतं." शर्मिला थांबली. आवाज उतरवून म्हणाली, "परवा त्यांनी टॅब उचलला आणि पालथा घालून ठेवला. त्यांना वाटतं, आपल्याला वेळ लागतो म्हणून समोरचं माणूस उठून जातं."

सरांनी परागकडे पाहिलं.

"हे तुला माहीत होतं?"

"नेट तुटतं, एवढं माहीत होतं."

वरून उदय खाली आला होता. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. लोकांच्या घरांचे नकाशे काढून देणारा शांत माणूस तो. सरांनी त्यालाही तेच विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. सकाळी आपण कामाला बसायचो ते याच वेळी, एवढंच तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, कुणी विचारलेलं नसताना म्हणाला, "एक-दोनदा वैतागून मी खालची वायरच काढून ठेवली होती. खाली आईचं चालू असेल हे डोक्यातच आलं नाही."

परागने तोंड उघडलं. सरांनी हात किंचित वर केला आणि तो गप्प झाला.

"तू वाटणं बंद करायला नाही का म्हणालास?" त्यांनी उदयला विचारलं.

उदयने सांगितलं. परागचा राउटर मधूनच अडकतो. तो उघडायचा तर पासवर्ड परागपाशी. पराग मीटिंगमध्ये असला की फोन उचलत नाही. एकदा नकाशे पाठवायची शेवटची वेळ होती आणि सगळं घर त्याच्या फोनची वाट बघत बसलं होतं.

"पासवर्ड मागितला मी. तर म्हणाला, तू काहीतरी बिघडवशील."

"बिघडवलं असतंस तू," पराग म्हणाला.

"कदाचित. पण घरात मी असतो."

सर उठले. खालच्या राउटरपाशी गेले. काळा, चार अँटेनांचा, देवळीत ठेवलेला. त्यांनी तो वायरींसकट उचलून परागच्या हातात दिला.

"कोरा कर."

परागला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "हा? सर, हा चांगला आहे. वरचा कोरा करू. तो फुकटात मिळालेला आहे."

"चांगला कुठला ते मी विचारलं नाही."

"यात माझ्या सगळ्या सेटिंग्ज आहेत. कोणी काय बघावं, कुणाला किती वेग, सगळं मी बसवलंय. पुण्याहून मी सगळं बघू शकतो."

"आई दिसली का पुण्याहून?"

पराग राउटर हातात धरून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. कंपनीत कुणी त्याच्याशी असं बोललं नसतं. त्याच्या मनात पुष्कळ उत्तरं आली आणि सगळी बरोबर होती. वरच्या राउटरची ताकद कमी होती, हे खरं होतं. उदयला यातलं काही कळत नव्हतं, हेही खरं होतं.

तो त्यातलं एखादं बोलणार इतक्यात बांगड्यांचा आवाज झाला.

कुमुदवहिनी डाव्या हाताच्या बोटांनी त्याच हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढायची धडपड करत होत्या. एका हाताने ते जमत नव्हतं. शर्मिला पुढे झाली तशी त्यांनी मानेनेच नको म्हटलं. त्यांनी मनगट छातीशी नेलं, दातांनी पिन धरली, ओढली. पिन सुटली. ती हातात घेऊन त्यांनी धाकट्या मुलापुढे धरली.

राउटरच्या मागे सगळं पुसून टाकायचं बटण असतं. बारीक भोकात, आत. बोट जात नाही. टोकदार काहीतरी लागतं.

हे त्यांना कसं माहीत होतं कुणास ठाऊक. परागला पूर्वी कधीतरी तसं करताना पाहिलं असेल. किंवा एवढंच कळलं असेल की, मुलाला काहीतरी टोचून काढायचं आहे.

परागने पिन घेतली. बराच वेळ तो तशीच धरून उभा होता...

मग तो आईच्या पायापाशी जमिनीवर बसला, राउटर पालथा केला आणि पिन भोकात घालून दाबून धरली. सगळे दिवे एकदम विझले. एकेक करून पुन्हा लागले. आता त्यात परागचं काहीच नव्हतं.

पुढचं काम तासाभराचंही नव्हतं. परागने त्या राउटरचं पत्ते वाटणं बंद केलं. त्याचा स्वतःचा पत्ता बदलला, म्हणजे वरच्याशी टक्कर होणार नाही. आईच्या टॅबला आणि प्रिंटरला बांधून दिलेले पत्ते सोडवले. आता वाटणार तो फक्त वरचा. खालचा मिळेल ते पुढे पोचवणार.

शेवटी नवा पासवर्ड विचारणारी चौकट आली. परागची बोटं सवयीने टाइप करायला गेली.

"त्याला घालू दे," सर म्हणाले.

परागने लॅपटॉप उदयकडे सरकवला आणि तोंड भिंतीकडे केलं. उदयने एकेक अक्षर सावकाश टाइप केलं. मग तो म्हणाला, "पराग, इकडे बघ. तुलाही माहीत असायला हवा."

परागने पाहिला. मग उदयच्या शेजारी बसून त्याने वरच्या राउटरचं पान उघडलं आणि अडकला तर काय करायचं, कुठे बघायचं, कशाला हात लावायचा नाही, हे सगळं समजावून सांगायला लागला. मधे एकदा उदयने भलतंच काही दाबलं. पराग रागावेल म्हणून त्याने हात मागे घेतला.

"दाब," पराग म्हणाला. "बिघडलं तर नीट करू."

शर्मिलाने भाकऱ्या टाकल्या. सर जेवून शेवटची बोट निघायच्या आत परत गेले. उदय त्यांना स्कूटरवरून धोपाव्यापर्यंत सोडून आला.

परागने कंपनीला कळवून मुक्काम एक दिवस वाढवला.

सोमवारी सकाळी सुखदा मॅडमचा फोन लागला. कुमुदवहिनी टॅबसमोर बसायला तयार नव्हत्या. शर्मिलाने फार आग्रह केला नाही. टॅब नुसता समोर उभा करून ठेवला. वर उदयने मुद्दाम लॅपटॉप उघडला, मोठे नकाशे पाठवायला लावले आणि जिन्यात येऊन बसला. पराग दाराआड उभा होता. इतक्या साध्या नेटवर्ककडे त्याने कधी इतकं जीव मुठीत धरून पाहिलं नव्हतं.

मॅडमनी एक चित्र दाखवलं. पाण्यावर होडी.

कुमुदवहिनी गप्प.

मॅडमही गप्प.

वेळ गेला. कुमुदवहिनींनी हळूच डोळे वर करून टॅबकडे पाहिलं. चेहरा थिजला की काय, तेच बघत होत्या. मॅडमनी डोळ्यांची उघडझाप केली. कपाळावर आलेले केस मागे सारले. त्या तिथेच होत्या. थांबल्या होत्या.

कुमुदवहिनींच्या गळ्याची शीर ताणली गेली.

"हो..."

कुणी हललं नाही.

"हो...डी."

मॅडम हसल्या. त्यांनी नुसतीच मान हलवली आणि पुढचं चित्र काढलं. शर्मिलाने तोंडाला पदर लावला. जिन्यातला उदय उठला आणि वर निघून गेला. पराग अंगणात जाऊन उभा राहिला. त्याला रडू येईल असं वाटत होतं. ते आलं नाही. त्याऐवजी खूप भूक लागली.

त्या दिवशी 'होडी' नंतर 'दार' आलं. 'पेरू' आला नाही. मॅडम म्हणाल्या, येईल.

पुण्याला जाण्याआधी पराग दाभोळला गेला. सर दारातच होते. त्याने सगळं सांगितलं. होडी सांगितली, दार सांगितलं. उदयने कालच एकदा राउटर अडकल्यावर कुणालाही न विचारता तो नीट केला, हेही सांगितलं. सांगताना त्याला हसू येत होतं.

सर ऐकत होते. मधेच त्यांनी 'दार' हा शब्द कसा आला ते पुन्हा सांगायला लावलं.

निघताना पराग पाया पडला. म्हणाला, "सर, आता मी नीट लक्ष ठेवीन. दर रविवारी दादाला फोन करून विचारत जाईन, नेटवर्क ठीक आहे ना म्हणून."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

समोर खाडीत बोट सुटायची शिट्टी झाली...

"फोन कर," सर म्हणाले. "नेटवर्कचं विचारू नकोस."